कुकर वापरणं थांबवा

कुकरच्या झाकणावरच्या शिट्टीकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं. रिंग सैल झाली की लगेच कळतं, हँडल हलायला लागलं की कुणीतरी पेचकस घेऊन बसतं. सेफ्टी व्हॉल्व्हकडे मात्र कुणी बघत नाही, आणि बघायची वेळ येऊ नये अशीच त्याची रचना असते. त्याच्या पोटात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. नेहमीच्या दाबाला कुकरमधली वाफ साधारण 120 अंश सेल्सिअसला असते. तुरीच्या डाळीचं साल अडकून शिट्टीची नळी चोंदली, तर दाब चढतो आणि त्याबरोबर तापमानही. मग ठरलेल्या अंशाला तो धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. आतली डाळ वाया जाते, पण बाई वाचते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीत कुकर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागात मी बरीच वर्षं नोकरी केली. तिथं एकदा असे व्हॉल्व्ह बाजारात गेले की ज्यांच्यातला धातू ठरलेल्या अंशाला वितळतच नव्हता. तो माल परत बोलावण्याच्या कामात मी सुरुवातीपासून होते. ग्राहक संरक्षणाचा 2019 चा कायदा तेव्हा यायचा होता. माल परत बोलवा म्हणून आम्हाला कुणी हुकूम दिलेला नव्हता. जे ठरवायचं ते कंपनीतल्याच चार-पाच माणसांनी एका टेबलाभोवती बसून ठरवायचं होतं.

पहिली तक्रार एका तालुक्याच्या गावातल्या भांड्यांच्या दुकानातून आली. शेठ फोनवर म्हणाले, "ताई, झाकण उडालंय. डाळ पार छताला. बाई दुधाचं पातेलं आणायला शेजारी गेल्या होत्या म्हणून निभावलं." कुकर आमच्याकडे आला तेव्हा शिट्टीची नळी खरोखरच चोंदलेली होती. अशा तक्रारीवर मारायचा शेरा प्रत्येक सर्व्हिस विभागात तयार असतो: ग्राहकानं नीट निगा राखली नाही. शेरा खोटाही नव्हता. पण आमचे क्वालिटीचे साहेब म्हणाले, "नळी चोंदणार हे आपल्याला माहीतच आहे. त्याच दिवसासाठी तर व्हॉल्व्ह बसवलाय. तो का नाही गेला?"

माझ्या मते माल परत बोलावण्याचं पुढचं सगळं भवितव्य याच प्रश्नावर ठरतं. बहुतेक कंपन्यांत पहिली तक्रार ग्राहकाच्या चुकीच्या खात्यात पडते, दुसरीही पडते, आणि तिसरी येते तेव्हा आधीच्या दोन्ही फायली बंद झालेल्या असतात. ग्राहकाची चूक झाली का, हा प्रश्न नुकसानभरपाईच्या वेळी विचारावा. वस्तू सुरक्षित आहे का, हे तपासताना तो मध्ये आणूच नये.

तपासणी साधीच असते. तेलाचं भांडं, त्यात थर्मामीटर, तारेला अडकवून सोडलेला व्हॉल्व्ह. आच हळूहळू वाढवायची आणि बघत बसायचं. चांगल्या व्हॉल्व्हमधला धातू आधी कडेनं मऊ होतो, त्याचा पृष्ठभाग जरा ओला झाल्यासारखा दिसतो आणि मग मधोमध चकचकीत थेंब सुटून भांड्याच्या तळाशी जातो. त्या बाईंच्या कुकरचा व्हॉल्व्ह ज्या पुरवठादाराकडून आला होता, त्याच्या पेटीतला एक व्हॉल्व्ह आम्ही सोडला. थेंब सुटायचा अंश मागे पडला. तेलाला धूर यायला लागला तरी धातू तसाच घट्ट. दुसरा व्हॉल्व्ह तसाच, तिसरा वितळला, चौथा पुन्हा तसाच. पुरवठादाराकडे धातूच्या एका ओतणीत मिश्रणाचं प्रमाण चुकलं होतं हे नंतर कळलं. त्यासाठी थांबायची गरज नव्हती. कारण सापडायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात माल विकला जात असतो. लग्नसराईचे दिवस होते, गेटवर भरलेला ट्रक उभा होता. मालकांनी तो त्याच संध्याकाळी उतरवून घेतला. अमेरिकेत वस्तूत असा धोका असल्याची माहिती हाती आल्यापासून 24 तासांत सरकारी आयोगाला कळवण्याचं बंधन कंपनीवर आहे. ही मुदत फार कडक आहे असं मी उद्योगातल्या लोकांकडून ऐकलंय. गेटवरचा तो ट्रक पाहिल्यापासून मला ती तशी वाटत नाही.

मग प्रश्न आला की सदोष व्हॉल्व्ह नेमके कोणत्या कुकरवर गेले. कुकरवर महिना आणि वर्ष उमटवलेलं होतं. व्हॉल्व्ह मात्र दोन पुरवठादारांकडून यायचे आणि जोडणीच्या टेबलावर एकाच ट्रेमध्ये ओतले जायचे. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये माल कधी आला ते होतं, पण तो कोणत्या दिवशी कोणत्या झाकणावर बसला ते कुठंच नव्हतं. पेटीचा नंबर जोडणीच्या कार्डावर लिहायला कामगाराला काही सेकंद लागले असते. ती नोंद नसल्यामुळे काही महिन्यांचं सगळं उत्पादन संशयित धरावं लागलं. त्यातले पुष्कळ कुकर अगदी ठीक होते, पण कोणते ते सांगता येत नव्हतं. खाद्यपदार्थांच्या धंद्यात ही शिस्त आता पुष्कळच रुजली आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनी उत्पादकाला माल परत घेण्याची लेखी योजना तयार ठेवणं बंधनकारक केलं आहे. चांगले कारखाने मधूनमधून तालीमही करतात: कुठलंही एक पाकीट उचलायचं, त्यातला कच्चा माल कुठून आला आणि त्याच दिवशीची बाकीची पाकिटं कुठं गेली हे काही तासांत शोधून दाखवायचं. घरगुती उपकरणांच्या कारखान्यांतही अशी तालीम झाली पाहिजे, आणि ती ठाकठीक चाललेलं असताना झाली पाहिजे.

जाहिरातीच्या मजकुरावरून कंपनीत खरी ओढाताण झाली. वकिलांनी दिलेला मसुदा मला अजून आठवतो: विशिष्ट कालावधीत उत्पादित काही कुकरमध्ये, अपवादात्मक परिस्थितीत, व्हॉल्व्हच्या कार्यक्षमतेबाबत तफावत संभवते. मार्केटिंगला वरती कंपनीचं बोधचिन्ह मोठं हवं होतं आणि त्याखाली ग्राहकांच्या विश्वासाला पात्र ठरल्याबद्दलचं एक वाक्य. ही जाहिरात वाचणारी बाई गॅससमोर उभी आहे, शेगडीवर कुकर आहे, हातात पेपरचं पान आहे ते कदाचित भाजी बांधून आलेलं. तिला पहिल्या ओळीत काय कळायला हवं? आम्ही बराच वाद घालून पहिली ओळ ठरवून घेतली: कुकर वापरणं थांबवा. त्याखाली व्हॉल्व्हचं मोठं चित्र, महिना-वर्ष कुठं बघायचं त्याला बाण, काय होऊ शकतं ते एका वाक्यात, आणि बदलून कुठं मिळेल ते. बोधचिन्ह सगळ्यात खाली गेलं. वकिलांची भीती अशी, की धोका कबूल केला तर दावे येतील. माझं म्हणणं असं, की धोका लपवलेली जाहिरात वाचून कुकर वापरत राहिलेल्या घरात झाकण उडालं, तर त्या दाव्यापुढे कुठल्या तोंडानं उभं राहणार?

कोणता माल सुरक्षित आहे हेही तितक्याच ठळकपणे सांगावं लागतं. 2007 च्या ऑगस्टमध्ये नोकियानं मात्सुशिता कंपनीनं बनवलेल्या बीएल-5सी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला. बॅटऱ्यांची संख्या होती साडेचार कोटींच्या वर. बॅटरीवरचा नंबर तपासून ती त्यातली आहे की नाही हे कळत होतं. पण आपल्याकडे नंबर तपासायची सोय सगळ्यांच्या हाताशी नव्हती. नोकिया म्हणजे फुटणारा फोन, एवढीच बातमी गावोगाव पोचली आणि ज्यांच्या बॅटरीचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता तेही घाबरले. म्हणून आमच्या जाहिरातीत इतर महिन्यांच्या कुकरला भीती नाही ही ओळ आम्ही तेवढ्याच मोठ्या टायपात घातली.

जाहिरात छापून आली आणि फोन खणखणू लागले. फोन घेणाऱ्या मुलींना आम्ही प्रश्नांचा क्रम पाठ करून दिला होता. आधी कुकर गॅसवर आहे का ते विचारायचं आणि असेल तर उतरवायला सांगायचं. मग झाकण थंड झाल्यावर महिना-वर्ष वाचून घ्यायचं. नाव-पत्ता शेवटी. बिल विचारायचंच नाही. या शेवटच्या मुद्द्यावर अकाउंट्सवाले नाराज होते. त्यांना वाटायचं की लोक कुठलेही कुकर घेऊन येतील. आले तर येऊ देत, असं मालकांनी सांगितलं. व्हॉल्व्हची किंमत ती काय! भांड्यांच्या दुकानात बिल मागणारं गिऱ्हाईक तसंही विरळा. बिलाची अट घातली असती, तर निम्मी माणसं दाराशीच परतली असती.

फोनचा हा जोर पहिल्या काही आठवड्यांत ओसरला. माल परत बोलावण्याचं काम खरं सुरू होतं ते इथून, आणि नेमकं इथंच बहुतेक कंपन्या थांबतात. जाहिरात दिली, कात्रणं फायलीला लावली, कर्तव्य झालं. आमच्याकडेही तसं म्हणणारे होते. बदललेल्या व्हॉल्व्हचा आकडा आणि विकलेल्या कुकरचा आकडा यांत तेव्हा मोठी दरी होती. त्या दरीत जी घरं होती त्यांचे पत्ते आमच्याजवळ नव्हते. वॉरंटी कार्डं भरून कुणी पाठवत नाही. ती खोक्यात राहतात आणि खोकं माळ्यावर जातं. त्यात कुकर ही आहेरात द्यायची वस्तू, म्हणजे विकत घेतला एकानं आणि वापरतंय दुसरंच कुणीतरी. तो घेतला सांगलीत आणि शिजतोय सुरतेत.

पत्ते दिले ते दुकानदारांनी. भांड्यांच्या दुकानात बायकांची भिशी चालते. दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि मुदत संपली की तेवढ्या किमतीची भांडी न्यायची. त्याच्या वह्या असतात. कोणत्या बाईनं कोणत्या महिन्यात काय नेलं हे शेठच्या अक्षरात त्यात असतं, आणि बाईचं गावही असतं. आमचा एक सेल्समन सहज म्हणून ती वही चाळत बसला आणि धावत बाहेर येऊन त्यानं फोन केला. त्यानंतर आम्ही दुकानोदुकानी वह्या मागत फिरलो. काही शेठ तयार नव्हते. आधीच्या कुठल्यातरी बदलीच्या मालाचे पैसे कंपनीनं महिनोन्‌महिने अडकवले होते, हे त्यांनी तोंडावर ऐकवलं. तो हिशेब आधी चुकता झाला, मग वह्या उघडल्या. विक्रेत्याला सहकार्याचं आवाहन करणारं पत्र पाठवून काही होत नाही. त्याचा वेळ जाणार असतो, गिऱ्हाइकाच्या शिव्या तोच खाणार असतो. त्याचे पैसे वेळेवर पोचले पाहिजेत.

भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धतही कामी आली. एका दुकानात नाव घालणारे म्हातारे कारागीर होते. आपण घातलेली नावं ते वहीत उतरवून ठेवत, स्पेलिंगवरून भांडण नको म्हणून. "चि. सौ. कां." असं सुरू होऊन मामाच्या नावावर संपणाऱ्या त्या ओळींवरून आम्ही लग्नं शोधली, लग्नांवरून घरं शोधली.

अशाच एका घरी मी आमच्या मेकॅनिकबरोबर गेले. कुकर सुनेच्या माहेरचा, आईनं दिलेला. सासूबाई म्हणाल्या, "आहेराची वस्तू आम्ही परत देत नसतो." जाहिरात त्यांनी वाचली होती, त्यांना पटलीही होती. पण कुकर गेला तर त्याबदली येणाऱ्या कुकरवर आईचं नाव नसणार, हे सुनेच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मेकॅनिकनं झाकण पालथं घातलं, पान्यानं नट सोडवला, जुना व्हॉल्व्ह काढून डबीत टाकला, नवा बसवला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पंचनं एक बारीक ठिपका मारला. तपासलेला कुकर पुढं कुठंही ओळखू यावा म्हणून तो ठिपका. मग पाणी घालून एक शिट्टी काढून दाखवली. "कुकर इथंच राहणार आहे, काकू," असं मी म्हटल्यावर सासूबाईंनी आपलाही जुना कुकर आतून आणला. तो आमच्या यादीतला नव्हता, पण त्याचा व्हॉल्व्हही बदलून दिला.

त्या घरानंतर आमची पद्धत बदलली. वस्तू परत मागायची नाही, धोका काढून न्यायचा. आठवडी बाजारात टेबल टाकून आमची मुलं बसू लागली आणि बायका नुसतं झाकण पिशवीत घालून आणू लागल्या. कुकरशिवाय एक वेळही चालत नाही अशी घरं असतात. दोन शिट्ट्यांत डाळ-भात लावून कामाला जाणाऱ्या बाईला, आठ दिवस कुकर कंपनीत ठेवा, असं सांगितलं तर ती धोका पत्करून तोच वापरेल. तिला निष्काळजी म्हणायचा हक्क कुणाला आहे? परदेशी गेलेले कुकरही होते. लेकीला अमेरिकेला पाठवताना आईनं बॅगेत तीन लिटरचा कुकर घातलेला. अशांचे फोन उशिरा आले, बहुधा इथल्या आईनं कळवल्यावर. त्यांना व्हॉल्व्ह आणि चित्रांसह सूचना पोस्टानं पाठवल्या.

काढलेले व्हॉल्व्ह मोजून घेतले जात. दुरुस्तीच्या टपऱ्यांवर जुने व्हॉल्व्ह पुसून पुन्हा विकले जातात हे सर्व्हिसमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून ते भंगारात न देता कारखान्यातच दोघांच्या सह्यांनी वितळवले. 2015 साली बंदीच्या वेळी मॅगी परत घेतली तेव्हा हजारो टन माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळावा लागला. मुंबई उच्च न्यायालयानं पुढं ऑगस्टमध्ये ती बंदी रद्द केली हा वेगळा भाग. पण परत आलेला माल पुन्हा कुणाच्या पोटात जाणार नाही याची व्यवस्था किती मोठी लागते, ते त्यावरून कळतं.

व्यवस्थापनाच्या वर्गांत या विषयावर नेहमी टायलेनॉलचं उदाहरण देतात. 1982 मध्ये शिकागोच्या परिसरात कुणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं, सात जण दगावले आणि जॉन्सन अँड जॉन्सननं सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत घेतल्या. तो निर्णय धीराचाच होता. पण माझ्या मनात त्याहून मोठी जागा जपानच्या मात्सुशिताची आहे. या कंपनीनं 1985 ते 1992 दरम्यान बनवलेल्या रॉकेलच्या हीटरमधून कार्बन मोनॉक्साइड गळून माणसं गेली. 2005 मध्ये, म्हणजे हीटर विकून झाल्यावर तेरा ते वीस वर्षांनी, कंपनीनं आपल्या टीव्हीवरच्या नेहमीच्या जाहिराती काढून त्यांच्या जागी हीटरचा इशारा दाखवला आणि पुढं देशातल्या घरोघरी पोस्टकार्डं पाठवली. गोळ्यांची बाटली महिन्या-दोन महिन्यांत संपते. हीटर किंवा कुकर वीस-वीस वर्षं टिकतो, हस्तांतरित होतो, गावच्या घरी जातो, मोलकरणीला दिला जातो. टिकाऊ वस्तू विकणाऱ्याची जबाबदारीही तितकीच टिकायला हवी.

आता कायदा आहे. 2019 च्या कायद्याखाली जुलै 2020 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि धोकादायक वस्तू परत घ्यायला लावण्याचा अधिकार त्याला मिळाला. 1 फेब्रुवारी 2021 पासून घरगुती कुकरला आयएस 2347 हे मानक आणि आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. ऑगस्ट 2022 मध्ये प्राधिकरणानं अ‍ॅमेझॉनला आदेश दिला: त्यांच्या मंचावरून विकल्या गेलेल्या, मानकात न बसणाऱ्या 2,265 कुकरच्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या आणि 45 दिवसांत अहवाल सादर करा. वर एक लाखाचा दंड. ही बातमी वाचताना माझी नजर 2,265 या आकड्यावर थांबली. इतका नेमका आकडा, आणि त्यातल्या प्रत्येक कुकरचा पत्ता आणि फोन विकणाऱ्याच्या संगणकात! आम्ही भिशीच्या वह्या धुंडाळत होतो. ज्याच्याकडे पत्ता आहे त्यानं नुसता ईमेल टाकून भागवू नये. फोन करावा, माणूस पाठवावा.

कंपनीत एका मार्च अखेरीला प्रस्ताव आला की आता येणारे कुकर बोटांवर मोजण्याइतके आहेत, फाइल बंद करावी. आम्ही विरोध केला, आणि वेगळ्या पेटीत ठेवलेले नवे व्हॉल्व्ह आणि तो फोन नंबर चालूच राहिले. मी निवृत्त झाले तेव्हाही क्वचित कुणीतरी झाकण घेऊन यायचं. प्राधिकरणाकडे माझी मागणी एवढीच आहे की 45 दिवसांच्या अहवालाबरोबर दोन वर्षांनंतरचाही अहवाल मागावा आणि त्यात एकच आकडा आधी लिहायला लावावा: विकलेल्यांपैकी किती वस्तू अजून वापरात असू शकतात. तो आकडा कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल असा असावा आणि शून्याजवळ येईपर्यंत तिथून हलू नये.